पाणी पाहावे, मग गळ टाकावा

(बी. ए. द्वितीय वर्ष)

गेल्या फाल्गुनात आमच्या भूगोल विभागाची एक दिवसाची सहल साकोली तालुक्यातील शिवनीबांध तलावावर गेली होती. डबे खाऊन झाल्यावर आमच्यातील चार मित्रांनी राखणदाराला विचारून मासे धरण्याची तयारी केली. बाजारातून आणलेले गळ, नायलॉनची दोरी आणि कणकेच्या गोळ्या असे सर्व साहित्य त्यांच्याजवळ होते. भर दुपारी बारा वाजता पाळीवर उभे राहून त्यांनी गळ खोल पाण्यात भिरकावले. दीड तास गेला. एकही मासा लागला नाही. शेवटी एकाने निकाल दिला, "या तलावात मासेच नाहीत."

मी इतका वेळ गप्प होतो. पण ते वाक्य ऐकून राहवले नाही. मी म्हणालो, "मासे आहेत. पण ते या वेळी या जागी नाहीत. आणि ज्या माशासाठी हा मोठा गळ लावला आहे, तो कणीक खात नाही."

सर जवळच उभे होते. त्यांनी विचारले, "तुला रे कसे ठाऊक?"

हा प्रश्न साधा होता, पण मला घाम फुटला. कारण प्रथम वर्षाला प्रवेश घेतला तेव्हा वर्गात ओळख करून देताना "वडील काय करतात?" या प्रश्नाला मी "शेती" असे उत्तर दिले होते. वाचकहो, आमच्याकडे एक एकरही शेती नाही. आम्ही ढिवर. माझे वडील मासे धरतात, आई ते आठवडी बाजारात विकते आणि त्या पैशांतून माझी फी भरली जाते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्या दिवशी पाळीवर उभे राहून मी खरे काय ते सांगितले. कोणी हसले नाही. उलट परतीच्या बसमध्ये मित्र एकामागून एक प्रश्न विचारू लागले. सर म्हणाले, "हेच सगळे लिहून काढ आणि आपल्या वार्षिकांकाला दे." म्हणून हा लेखनप्रपंच.

तलाव म्हणजे नुसते पाणी नव्हे

आपला भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगावबांधसारखा प्रसिद्ध तलाव त्याच्या वाट्याला गेला. तरीही साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या भागांत गावोगाव तलाव आणि बोड्या आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातील कसबी लोकांनी यातील कितीतरी तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि आता त्यांना "माजी मालगुजारी तलाव" किंवा थोडक्यात "मामा तलाव" म्हणतात. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे असतात. मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेला मिळतो. आमचे बाबा आमच्या गावच्या अशाच एका संस्थेचे सभासद आहेत.

इतिहास सर्वांनी वाचलेला असतो. मासे धरणाऱ्याला मात्र तलावाचा आकार ठाऊक असावा लागतो. हे तलाव ओढ्या-नाल्याच्या वाटेवर आडवी पाळ घालून केलेले असतात. त्यामुळे पाळीजवळ, विशेषतः जेथून धानाला पाणी सोडतात त्या तुडुमाजवळ, पाणी सर्वांत खोल असते. आणि समोरच्या बाजूला, जेथून पाणी येते तिकडे, तळ हळूहळू चढत जाऊन पाणी गुडघ्याएवढे होते. मधून जुन्या नाल्याची खोलगट वाट गेलेली असते. वरून ती दिसत नाही, पण उन्हाळ्यात पाणी उतरू लागले की मासे याच वाटेने उथळातून खोलात आणि खोलातून उथळात ये-जा करतात. आमच्या मित्रांनी पाळीवरून गळ टाकला तो सर्वांत खोल पाण्यात, आणि त्यांना हवा असलेला मासा होता समोरच्या काठाच्या कमळवेलींत.

तो मासा म्हणजे मरळ.

मरळीची ओळख

तलावात रोहू, कटला, मृगळ हे मासे संस्था बीज आणून सोडते. मूळचे ते उत्तरेकडच्या गंगेच्या खोऱ्यातील. बंद पाण्यात ते आपणहून अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही या शास्त्रज्ञांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन अशा माशांची वीण घडवून आणली, तेव्हापासून त्यांचे बीज हवे तेवढे मिळू लागले. मरळ मात्र आमच्या तलावाची जन्माची रहिवासी आहे. तिला कोणी आणून सोडत नाही.

शास्त्रात तिला चन्ना स्ट्रायाटा म्हणतात. अंग गोल, लांबट. डोके सापासारखे चपटे. पाठ काळपट, पोट पांढुरके. तोंड मोठे आणि दातांनी भरलेले. हिचीच एक थोरली बहीण आहे, तिच्या शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा ठिपका असतो. ती हाताएवढी, कधी त्याहून लांब होते. दोन्हीही शिकारी. लहान मासळी, बेडूक, झिंगे, पाण्यात पडलेले किडे हे त्यांचे खाणे. म्हणजे कणकेची गोळी मरळीपुढे टाकणे हे वाघापुढे पेंढीभर गवत टाकण्यासारखेच झाले.

पण मरळीची सर्वांत मोठी खूण वेगळी आहे. तिला कल्ल्यांबरोबरच डोक्यात हवा घेण्याची एक खास जागा असते. त्यामुळे ती दर थोड्या वेळाने पाण्यावर येऊन तोंडाने हवा घेते. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. रात्रभर पाणवनस्पतीही तो वापरतात, म्हणून पहाटे तर तो सर्वांत कमी असतो. अशा वेळी रोहू-कटले पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करतात, सुस्तावतात. मरळीला त्याचे काही वाटत नाही. ती त्याच वेळी उथळ पाण्यात शिकार करीत हिंडते. तलाव अगदी आटला तर ओल्या गाळात शिरून ती पावसाची वाट पाहू शकते. आई बाजारात मरळ नेते ती ओल्या गोणपाटाखाली टोपलीत, आणि दुपारपर्यंत ती जिवंत असते. बर्फ लागत नाही आणि भावही रोहू-कटल्यापेक्षा चढा मिळतो. आजारातून उठलेल्या माणसासाठी मरळ मागायला आमच्या दारी लोक येतात.

साहित्य

आता मित्रांनी विचारलेला मुख्य प्रश्न, साहित्य काय लागते?

पहिली काठी. आम्ही मानवेल बांबूची वापरतो. हा बांबू जवळजवळ भरीव असतो, वाकतो पण मोडत नाही. दहा-बारा फूट लांब, बुडाला अंगठ्याएवढी आणि टोकाला करंगळीहून बारीक अशी सरळ काठी निवडायची. वाक असेल तेथे निखाऱ्यावर शेकून, गुडघ्यावर दाबून सरळ करायची. शहरातून येणारे हौशी लोक चाकाच्या काठ्या आणतात. त्यांनी गळ दूर फेकता येतो हे खरे. पण वेलींत लागलेली मरळ दुरून ओढून आणताना ती दहा देठांना वेढे घालते. बांबूच्या काठीने तिला सरळ वर उचलता येते.

दुसरी दोरी. माझा आजा सुती दोरी वळत असे आणि ती कुजू नये म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवत असे. आता सर्वत्र नायलॉनचा तंगूस आला आहे. तो पाण्यात दिसत नाही आणि कुजत नाही. मरळीसाठी साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा चांगला. दोरी काठीपेक्षा हातभर लांब ठेवावी, जास्त नको. मरळीचे दात तंगूस घासून तोडतात, म्हणून गळाच्या वर वीतभर बारीक तार जोडावी लागते. बाबा सायकलच्या जुन्या ब्रेकच्या वायरमधील दोन पदर सोडवून घेतात. तंगूस कुजत नाही हा त्याचा गुण, आणि तोच त्याचा मोठा दोष. तुटलेला तुकडा पाण्यात वर्षानुवर्षे राहतो, पाखरांच्या पायांत अडकतो. आमच्या घरी तुटका तंगूस खिशात घालून परत आणायचा असा दंडक आहे.

तिसरा गळ. आमच्या बोलीत त्याला गरी म्हणतात. दुकानात गळ नंबरावर मिळतो आणि येथे पुष्कळजण फसतात, कारण नंबर जितका मोठा तितका गळ लहान. बारा नंबर बोटभर मासळीसाठी, सहा नंबर वाघुरासाठी. एक नंबराच्या पुढे मात्र मोजणी उलट फिरते. एकाखाली शून्य, दोनाखाली शून्य असे लिहिलेले गळ क्रमाने मोठे होत जातात. मरळीला हेच लागतात. गळाचे टोक नखावर टेकवून पाहावे. घसरले तर गळ बोथट, नखात रुतून थांबले तर चांगला.

चौथे आमिष. जुन्या लोकांना मरळीसाठी जिवंत बेडूक प्रिय. पण आपल्याकडचा मोठा बेडूक कायद्याने संरक्षित आहे आणि धानाच्या बांधीतील किडे तोच खातो, म्हणून बाबांनी ते कधीच सोडून दिले. ते बोटभर जिवंत मासळी लावतात. गळ तिच्या पाठीवरच्या पराच्या पुढे, कातडीतून फक्त ओवायचा. कण्याला लागता कामा नये. मासळी हलली पाहिजे, कारण मरळ हालचालीवर झडप घालते. दुसरी युक्ती नकली आमिषाची. सायकलच्या जुन्या ट्यूबचा अंगठ्याएवढा तुकडा कापून, मागे दोन पट्ट्या पायांसारख्या लोंबत ठेवून बाबा रबराचा बेडूक करतात. अलीकडे दुकानांत रंगीत बेडूक विकायला येतात, त्यांचे तत्त्व हेच आहे.

पाचवे भेंड. तलावाच्या काठी वाढणाऱ्या भेंडाचा पांढरा, कापसासारखा हलका गाभा सर्वांना ठाऊक आहे. त्याचा दोन बोटांचा तुकडा दोरीवर सरकवला की आमिष किती खोल राहील ते ठरते. मरळीसाठी आमिष वितीपेक्षा खाली नसावे.

जाळ्यांबद्दल थोडक्यातच सांगतो. उघड्या, खोल पाण्यात रोहू-कटल्यासाठी डोंग्यातून तंगूसाचे जाळे उभे लावतात. त्याचे घर बोटांनी मोजतात. चार बोटांच्या घरातून लहान मासा निसटून जातो, दोन बोटांचे जाळे मात्र पुढच्या वर्षीचाही मासा आजच काढते. काठाजवळ फेकजाळे चालते. पण कमळवेलींत दोन्ही जाळी अडकतात. तेथे गळच पाहिजे.

पाणी पाहणे

एवढे साहित्य आमच्या मित्रांनीही जमवले असते. तरी मासा लागला नसता. मी आठ वर्षांचा असताना बाबांनी पहिल्यांदा माझ्या हाती काठी दिली आणि एकच वाक्य सांगितले, "अगुदर पानी पाय गा, मंग गरी टाक." त्या पहिल्या दिवशी त्यांनी मला गळ टाकूच दिला नाही. सकाळभर नुसते बसवून ठेवले आणि मध्ये मध्ये विचारत राहिले, "काय दिसला?"

पाण्यावर काय दिसते? पहिली गोष्ट, बुडबुडा. मरळ हवा घ्यायला येते तेव्हा पाण्यावर हलकेच एक गोल वळे उठते, बारीक "चुप्" असा आवाज येतो आणि मागे एखाददुसरा बुडबुडा राहतो. रोहू उसळतो तेव्हा आवाज मोठा होतो आणि पाणी उडते. कासव श्वास घेते तेव्हा नाकाचे टोक क्षणभर तसेच थांबलेले दिसते. दुसरी गोष्ट, वारा नसताना हलणारे कमळाचे एकच पान. खालून कोणीतरी देठाला घासून गेले असे समजावे. तिसरी, एकाच जागी बारीक मासळी मूठभर तांदूळ उधळल्यासारखी पाण्याबाहेर उडाली, तर तिच्या मागे मरळ आहे. चौथी खूण पाखरांची. खंड्या आणि ढोकरी जेथे बसून राहतात तेथे बारीक मासळी असते, आणि बारीक मासळी असते तेथे मरळ येते.

बुडबुडा दिसला की तेथेच गळ टाकायचा नाही. मरळ पुढे गेलेली असते. दुसरा बुडबुडा कोठे येतो ते पाहायचे. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत मनात रेघ ओढली की तिची दिशा कळते. मग त्या रेघेच्या पुढे दोन हात, वेलींच्या मोकळ्या जागेत, आवाज न करता आमिष ठेवायचे. आपली सावली पाण्यावर पडता कामा नये, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सूर्य समोर घेऊन बसावे, डोळ्यांना त्रास झाला तरी.

मरळीने आमिष धरले की भेंड एकदम बुडते. नवशिक्या तेथेच हिसका देतो आणि रिकामा गळ डोक्यावरून मागे जातो. मरळ शिकार आधी तोंडात आडवी धरते, थोडी खाली जाते आणि मग गिळते. म्हणून दोरी सैल सोडून मनात दहापर्यंत मोजायचे. दोरी पुन्हा चालू लागली की काठी एकदाच, सरळ वर. रबराच्या बेडकाचे उलटे आहे. तो पानावरून टुणटुण ओढत पाण्यात सोडायचा आणि मरळीने झडप घातल्यावर एक श्वास थांबून लगेच ओढायचा, कारण रबर आहे हे तिलाही कळते.

फाल्गुन ते ज्येष्ठ

उन्हाळी मासेमारीचे माझ्या हिशेबी तीन भाग पडतात.

होळीच्या सुमारास रात्री अजून गार असतात. पहाटे पाणी थंड, मासा खोलात. ऊन चढले की उथळ पाणी आधी तापते आणि मरळ त्या उबेला काठाशी येते. म्हणून या दिवसांत सकाळी नऊ ते अकरा ही वेळ चांगली. शिवनीबांधला आमचे मित्र एक-दीड तास आधी आणि तलावाच्या दुसऱ्या टोकाला गेले असते, तर कदाचित हा लेख त्यांनीच लिहिला असता!

चैत्र-वैशाखात सगळे उलटते. उन्हाळी धानासाठी तुडुमातून पाणी सुटते, काठ रोज हातभर मागे सरकतो. दुपारी पाणी अंगाला चटका देते. आता पहाटेची पहिली दोन तास आणि दिवस मावळतानाची वेळ, एवढीच खरी. दुपारी मरळ कमळपानांच्या दाट सावलीखाली पडून राहते. तेथे रबराचा बेडूक कधी कधी तिला उठवतो. संध्याकाळी बाबा दुसरी रीत वापरतात. काठाच्या चिखलात हातभर लांबीच्या पंधरा-वीस काठ्या तिरप्या रोवायच्या, प्रत्येकीला आखूड दोरी आणि गळ, आणि आमिषाची मासळी पाण्याच्या अगदी वरच्या थरात फडफडेल अशी ठेवायची. अंधारात तिच्या फडफडण्याने पाणी थरथरते आणि मरळ येते. रात्रीतून दोनदा फेरी मारून काठ्या पाहायच्या. तळाशी गांडूळ लावलेला गळ सोडला तर वाघूरही लागतो.

ज्येष्ठात तलाव थाळीएवढा होतो. गावातील सर्व लहानथोर गाळात उतरून हातांनी मासे चाचपतात. ही मौज वेगळीच, पण तिच्यात कसब कमी आणि गर्दी जास्त, म्हणून तिच्याविषयी अधिक लिहीत नाही.

गळ कधी टाकू नये

आता जे लिहिणार आहे ते मी सहलीच्या दिवशी सांगितले नव्हते.

मी बारा वर्षांचा होतो. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. शाळेला अजून सुट्टी होती. काठाच्या गवतात मला पाण्यावर एक तांबूस, केशरी ठिपका दिसला. तो हलत होता. जवळ जाऊन पाहिले तर शेकडो बारीक पिल्ले एकाच घोळक्यात, उकळत्या पाण्यासारखी वरखाली करीत होती. आणि त्यांच्या खाली एक काळी सावली होती. मी रबराचा बेडूक त्या घोळक्यातून ओढला. सावलीने एका क्षणात झडप घातली. हातापेक्षा लांब मरळ! इतकी मोठी मी एकट्याने कधी धरली नव्हती. मी धावत घरी गेलो.

बाबांनी मरळ पाहिली, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "पिले होते का?" मी हो म्हणालो. ते काही बोलले नाहीत. मला हाताला धरून तलावावर नेले आणि त्या जागी बसवले. "पाय," एवढेच म्हणाले.

मरळ वेलींमधली जागा साफ करून अंडी घालते. ती अंडी पाण्यावर तरंगतात आणि एक-दोन दिवसांत पिल्ले बाहेर येतात. नर-मादी त्यांची राखण करतात. पिल्ले मोठी होईपर्यंत त्यांच्या खालूनच फिरतात आणि जवळ येईल त्यावर तुटून पडतात. माझ्या बेडकावर ती भुकेने आली नव्हती, पिलांना वाचवायला आली होती. आता राखण अर्धी उरली होती. दिवस मावळेपर्यंत मी पाहत बसलो. बारीक मासे बाजूंनी शिरत होते, घोळका फुटत होता. ढोकरी आली, मग दुसरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा तो केशरी ठिपका कोठेच नव्हता.

त्या मरळीचे आईला बाजारात चांगले पैसे मिळाले. त्या पैशांत माझी सातवीची पुस्तके आली. बाबांनी त्याविषयी पुन्हा कधीही एक शब्द काढला नाही. पण आमच्याकडे पिलांवरची मरळ धरीत नाहीत ही रीत त्या दिवशी मला कळली, आणि कोणी न रागावताही कळली.

आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एका इंग्रजी पुस्तकात मी अमेरिकेतील वॉलआय या माशाविषयी वाचले. तोही गोड्या पाण्यातील शिकारी. त्याचे डोळे अंधारात चमकतात, म्हणून तो मंद उजेडात शिकार करतो. मिनेसोटा राज्याने त्याला १९६५ मध्ये राज्यमासा ठरवले. मोठ्या तलावांवरचा बर्फ वितळला की तो उथळ, खडकाळ काठाशी येऊन अंडी घालतो. त्या वेळी त्याला धरणे अगदी सोपे. म्हणून तेथे साधारणतः मे महिन्याच्या मध्यापर्यंत त्याची शिकार बंद असते, आणि बंदी उठते त्या दिवशी हजारो लोक सणासारखे तलावावर जमतात. हे वाचून मला आनंद झाला. वॉलआय अंडी घालून निघून जातो, मरळ राखण करते, एवढा फरक आहे. पण जो मासा सर्वांत सहज हाती येतो तोच त्या घटकेला सोडायचा, हे दोन्हीकडे सारखेच. तेथे ते कायद्याच्या पुस्तकात आहे. आमच्याकडे ते बाबांच्या पिढीच्या डोक्यात आहे, आणि कोठेही लिहिलेले नाही.

मला काळजी वाटते ती याचीच. मत्स्यशेतीच्या पुस्तकांत मरळ हा बीज खाणारा शत्रू मानलेला आहे. बीज सोडण्यापूर्वी बोडीत हेक्टरी दोन-अडीच हजार किलो मोहाची पेंड टाकून असे मासे मारावेत असे त्यांत सांगितलेले असते. पेंडीतील विषाने मासे मरतात आणि दोन-तीन आठवड्यांनी तिचेच खत होते. लहान बोडीत हा हिशेब बरोबरही असेल. पण मोठ्या तलावात मरळीला वेगळ्याच गोष्टींनी गाठले आहे. पाण्यातील गवत खाणारा गवत्या मासा सोडल्यामुळे वेली कमी झाल्या, काठावर बेशरमाची झुडपे माजली, गाळ साचला. वेली नाहीत तर अंडी घालायला जागा नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारखी संस्था ढिवर स्त्री-पुरुषांना बरोबर घेऊन तलावांतील बेशरम काढून पुन्हा पाणवनस्पती लावण्याचे काम करते आहे. हे काम सांगते की जे जुने लोक बोलत होते ते अडाणीपणाचे नव्हते.

माझे बाबा चौथीपर्यंत शिकले. हा लेख मी त्यांना वाचून दाखवला. गळाच्या नंबरांच्या भागावर ते हसले आणि म्हणाले, "हे लेयाले लागते का?" सायकलच्या वायरीचे दोन नव्हे, तीन पदर घ्यावेत अशी एक दुरुस्तीही त्यांनी सुचवली, वाचकांनी ती कृपया लक्षात घ्यावी. मरळीच्या पिलांचा भाग आला तेव्हा ते ऐकत राहिले आणि उठून जाळे वाळत घालायला गेले.

येत्या फाल्गुनात ज्या मित्रांना यायचे असेल त्यांनी आमच्या गावी जरूर यावे. संस्थेला विचारून आपण जाऊ. काठी मी देईन, कणीक मात्र घरी ठेवून यावी. आल्यावर पहिला तास कोणी गळ टाकायचा नाही, नुसते पाणी पाहायचे. आणि मृगानंतर कोणी आलात आणि गवतात केशरी ठिपका दिसला, तर दोरी गुंडाळून आपण दुसऱ्या काठाला जाऊ.